लॅपटॉपला दिसतो, फोनला दिसत नाही: एका शाळेतल्या स्क्रीन मिररिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडची एक द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. पहिली ते चौथी, पट एकतीस. गावानं लोकवर्गणी काढून ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेऊन दिला. तो तिसरी-चौथीच्या खोलीत फळ्याच्या डाव्या बाजूला टांगला, धूळ बसू नये म्हणून त्याला जुन्या साडीचं कव्हर शिवलं. वाय-फायचा राउटर मात्र कार्यालयात, म्हणजे इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये पहिली-दुसरीची खोली आणि काळ्या दगडाच्या दोन जाड भिंती.

मॅडम (मुख्याध्यापिका त्याच, तिसरी-चौथीही त्यांच्याकडेच) आणि पहिली-दुसरीचे गुरुजी, दोघंही फोनवरचं टीव्हीवर दाखवून (यालाच स्क्रीन मिररिंग म्हणतात) शिकवायचे. मार्च-एप्रिल सगळं सुरळीत चाललं होतं. मी शेजारच्या गावच्या शाळेत शिक्षक. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, 'तंत्रस्नेही' म्हणून माझ्या नावावर शिक्का बसलेला आहे, त्यामुळे कुणाचा प्रिंटर अडला तरी फोन मलाच येतो.

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि राउटर जळाला. शाळा सुरू व्हायच्या आधी नेटवाल्या मुलानं नवा राउटर बसवून दिला. या गोष्टीचा आणि पुढच्या तक्रारीचा काही संबंध असेल हे कुणालाच वाटलं नाही, कारण इंटरनेट उलट आधीपेक्षा झकास चालू होतं.

तक्रार

जूनच्या शेवटी मॅडमचा फोन आला. "सर, टीव्ही बिघडलाय. मोबाईल जोडलाच जात नाही. आणि पंधरा तारखेला शिक्षण परिषद आपल्याकडे आहे." परिषदेला अकरा शाळांचे तीसेक शिक्षक आणि केंद्रप्रमुख येणार, म्हणजे वेळ जेमतेम अडीच आठवडे.

'टीव्ही बिघडलाय' या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या तक्रारी होत्या, हे मला तिथं जाऊन अर्धा दिवस घालवल्यावर कळलं. त्या मी वहीत अशा उतरवल्या:

गुरुजींच्या फोनला टीव्ही कधीच दिसत नाही. 'उपकरणे शोधत आहे' म्हणत गोल फिरत राहतं.

मॅडमच्या फोनला कधी दिसतो, कधी नाही. दिसला तर नीट चालतो.

शाळेच्या लॅपटॉपला टीव्ही दिसतो, जोडलाही जातो, पण व्हिडिओ अडखळतो आणि आवाज चित्राच्या मागून येतो.

आता मागे वळून बघताना वाटतं, या तीन ओळींतच उत्तर होतं. लॅपटॉपला टीव्ही दिसतो याचा अर्थ टीव्हीचा रेडिओ, म्हणजे वाय-फायचा भाग, शाबूत आहे. मी मात्र त्यातून 'म्हणजे गुरुजींचा फोन जुना झाला' असा सोपा निष्कर्ष काढला आणि त्यांना नवा फोन घ्यायचा सल्लाही देऊन टाकला. सुदैवानं त्यांनी तो मनावर घेतला नाही.

एका शब्दाखाली दोन रस्ते

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ यावरच उभा आहे. फोनचा पडदा टीव्हीवर न्यायचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि फोनच्या मेनूत ते जवळपास सारख्याच नावांनी दिसतात. कुठे 'कास्ट', कुठे 'स्मार्ट व्ह्यू', कुठे 'स्क्रीनकास्ट'.

पहिला मार्ग मिराकास्टचा. वाय-फाय अलायन्सनं तो २०१२ मध्ये आणला. यात फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट जोडले जातात, मध्ये राउटर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोज आणि के ही बटणं एकत्र दाबली की जे उघडतं ते हेच. दुसरा मार्ग गुगल कास्टचा, २०१३ च्या क्रोमकास्टपासून (टीव्हीला लावायचं गुगलचं छोटं यंत्र) आलेला. यात फोन राउटरशी बोलतो आणि राउटर टीव्हीशी. गुगलनं स्वतःच्या फोनमधून अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ मध्ये, मिराकास्ट काढून टाकलं. इतर काही कंपन्यांनी ते ठेवलं. म्हणून एकाच खोलीतले दोन अँड्रॉइड फोन दोन वेगळ्या रस्त्यांनी त्याच टीव्हीकडे जातात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

गुरुजींचा फोन दुसऱ्या रस्त्यानं जाणारा होता. मॅडमचा फोन आणि लॅपटॉप पहिल्या. हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर हा लेख निम्म्यात संपला असता.

आधी काय काय करून पाहिलं

मी जाण्याआधी तालुक्याच्या गावचा टीव्ही मेकॅनिक येऊन गेला होता. त्यानं 'मदरबोर्ड गेला असणार' असं सांगून फॅक्टरी रीसेट मारला होता. टीव्हीवर साइन-इन केलेलं खातं गेलं, लावलेली अ‍ॅप गेली, वाय-फायचा पासवर्ड गेला, तक्रार होती तिथंच राहिली.

रीसेटबद्दल माझं मत कडक आहे. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट एकाएकी बंद पडली होती. कारण आतल्या एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती, यंत्राचा काहीच दोष नव्हता. तेव्हा गुगललाच लोकांना सांगावं लागलं की रीसेट करू नका. ज्यांनी घाईनं केलं त्यांना ते पुन्हा सुरू करतानाच अडचण आली. रीसेटनं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते पुराव्याचं. टीव्ही आधी कोणत्या वाय-फायवर होता, हा या प्रकरणातला कळीचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मेकॅनिकनं पुसून टाकलं होतं.

रीसेटनंतर गुरुजींनी टीव्ही पुन्हा वाय-फायला जोडला. त्यांच्या फोनमध्ये जे नाव होतं तेच टीव्हीवर निवडलं, तोच पासवर्ड टाकला. मी गेलो तेव्हा त्यांनी दोन्ही पडदे शेजारी धरून मला दाखवले. "हे बघा सर, दोन्हीकडे तेच नाव. यूट्यूबवर जाऊन वाचलं, फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर पाहिजेत म्हणतात. आहेत की!"

आणि खरंच होते. टीव्हीवर यूट्यूब चालत होतं, फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालत होतं, फक्त दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. त्या दिवशी मी टीव्ही बंद-चालू केला, राउटर बंद-चालू केला, गुरुजींच्या फोनमधलं जाहिराती अडवणारं एक अ‍ॅप बंद केलं (ते व्हीपीएनसारखं काम करतं, म्हणजे फोनचं सगळं नेट स्वतःतून वळवतं, आणि कधीकधी कास्टच्या आड येतं), बॅटरी सेव्हर काढला, अ‍ॅपची 'जवळची उपकरणे' ही परवानगी तपासली. काही फरक पडला नाही आणि मी हात हलवत परत आलो.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी मॅडमशी फोनवर बोलून आम्ही चार वाटा मांडल्या.

मेकॅनिकनं सांगितल्याप्रमाणे बोर्ड बदलायचा. याला मी ठाम नाही म्हटलं, कारण लॅपटॉप जोडला जात होता.

टीव्हीच्या मागे लावायचं नवं डोंगल, म्हणजे क्रोमकास्टसारखं छोटं यंत्र, घ्यायचं. मॅडमना हा पटत होता, शाळा व्यवस्थापन समितीतले एकजण पैसे द्यायलाही तयार होते. पण दोष टीव्हीबाहेर असेल तर डोंगलचंही तेच होणार. नाही म्हणायला कारण पुरेसं नव्हतं, म्हणून 'चार दिवस थांबा' एवढंच म्हणालो.

एचडीएमआय केबल टाकून लॅपटॉप जोडायचा. हमखास चालणारं, स्वस्तातलं. अडचण अशी की दोघांचे फोन यूएसबी-सीच्या भोकातून चित्र बाहेर देत नाहीत, आणि मॅडमचं सगळं शिकवण्याचं साहित्य फोनात. मुलांच्या वहीचं पान फोननं टिपून तिथल्या तिथं टीव्हीवर दाखवायचं, ही त्यांची खासियत. ती केबलनं जाणार होती.

चौथी वाट म्हणजे आधी दोष नक्की शोधायचा. त्यासाठी मला आणखी एक शनिवार हवा होता. सकाळची शाळा सुटली की मी मोकळा.

मॅडम म्हणाल्या, "शनिवारपर्यंत थांबते. नाही झालं तर डोंगल मागवते." ही मुदत घातली हे फार बरं झालं. नाहीतर माझ्यासारखी माणसं शोधतच बसतात.

शनिवारची तपासणी

या वेळी मी राउटरला हातच लावला नाही. माझ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला. टीव्ही त्याला जोडला, गुरुजींचा फोनही त्यालाच जोडला. गुरुजींनी 'कास्ट' दाबलं आणि दोन सेकंदांत टीव्हीचं नाव आलं. चौथीची दोन पोरं दप्तर पाठीवर तसंच ठेवून दारात रेंगाळत होती. टीव्हीवर गुरुजींच्या फोनचा वॉलपेपर, त्यांच्या बैलाचा फोटो, उमटला तशी ती ओरडली, "दिसलं, दिसलं!"

पाच मिनिटांचं काम. त्यातून टीव्ही निर्दोष सुटला, फोन निर्दोष सुटला, उरला राउटर. मॅडमनी डोंगलचा विषय तिथंच बंद केला.

मग नेट जोडायला आलेल्या मुलाला फोन लावला. त्यानं सहज सांगितलं, "सर, तुमच्या शाळेला मी दोन वाय-फाय करून दिलेत. एक मेन, एक गेस्ट. मेनचा पासवर्ड अवघड आहे म्हणून बाईंना गेस्टचा दिला." गेस्टचा पासवर्ड म्हणजे गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. अख्ख्या गावाला पाठ.

गेस्ट नेटवर्कवर आलेल्या यंत्रांना राउटर इंटरनेट देतो, पण एकमेकांपासून वेगळं ठेवतो. राउटरच्या पानावर याला आयसोलेशन म्हणतात. कास्ट करणारा फोन आधी दवंडी पिटतो: इथं कुणी टीव्ही आहे का? ही दवंडी २२४.०.०.२५१ या ठरलेल्या पत्त्यावर जाते, नेटवर्कवरच्या सगळ्यांनी ती ऐकावी अशी पद्धत आहे. आयसोलेशन चालू असलं की राउटर ती दवंडी वेशीच्या आतच दाबून टाकतो. टीव्हीला ऐकूच येत नाही, मग तो ओ देणार कसा? 'एकाच वाय-फायवर हवेत' हा सल्ला बरोबर असूनही गुरुजींच्या कामी आला नाही तो यामुळे.

मॅडमच्या 'कधी दिसतो, कधी नाही'चं उत्तर त्याच दुपारी मिळालं. त्यांचा फोन थेट रस्त्यानं जाणारा. या टीव्हीत त्या रस्त्यासाठी वेगळं 'वायरलेस डिस्प्ले' नावाचं अ‍ॅप आहे आणि ते उघडं असेपर्यंतच टीव्ही थेट जोडणीची हाक ऐकतो. आदल्या तासाला कुणी ते उघडं ठेवलं असेल तर फोनला टीव्ही सापडायचा. दोष काहीच नव्हता. एक बटण दाबायचं राहत होतं.

लॅपटॉपचं अडखळणं मात्र खरा दोष होता. लॅपटॉप एकीकडे राउटरशी जोडलेला, दुसरीकडे टीव्हीशी थेट, आणि दोन्ही कामं एकाच वाय-फाय कार्डावर. दोन जोडण्या दोन वेगळ्या चॅनलवर, म्हणजे वाय-फायच्या वेगळ्या पट्ट्यांवर, असल्या की कार्ड इकडून तिकडे उड्या मारत राहतं. एका स्वयंपाकिणीनं दोन घरच्या चुली सांभाळाव्यात तसं. खात्री करायला मी वाय-फाय चालू ठेवून लॅपटॉप फक्त राउटरपासून तोडला आणि त्यात उतरवून ठेवलेला व्हिडिओ लावला. लोण्यासारखा चालला. पुन्हा राउटरला जोडला, पुन्हा अडखळला.

निर्णय आणि कृती

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती आयसोलेशन काढायचं की ठेवायचं यावर. नेटवाला मुलगा फोनवरूनच म्हणत होता, "एक टिक काढतो, लगेच चालू होईल." मोह होताच. पण मॅडमना एप्रिलमधला प्रसंग आठवला. परिपाठ चालू असताना टीव्हीवर एकदम हळदीतलं डीजेचं गाणं सुरू झालं होतं. शाळेच्या ओट्यावर बसून फुकटचं वाय-फाय वापरणाऱ्या कुण्या पोरानं चुकून (की मुद्दाम) वर्गातल्या टीव्हीवर कास्ट केलं होतं. आयसोलेशन काढलं तर ते रोजचं झालं असतं.

म्हणून ठरलं असं: गेस्ट जसं आहे तसं गावासाठी राहू दे. टीव्ही आणि दोघा शिक्षकांचे फोन मेनवर घ्यायचे, पासवर्ड बदलायचा आणि तो भिंतीवर लिहायचा नाही. गुरुजींची शंका रास्त होती. "महिन्याभरात हाही सगळ्यांना कळेल." कळेल, तेव्हा पुन्हा बदलू.

दुसरा निर्णय केबलचा. कास्टमध्ये चित्र हवेतून दोनदा जातं, फोनकडून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे. दोन्ही फेऱ्या त्याच चॅनलवर, म्हणजे हवेतली जागा दुप्पट खर्ची पडते. शिवाय इथं दोन दगडी भिंती. टीव्हीच्या मागे लॅनचं (राउटरची तार लावायचं) भोक होतं, ते कुणी वापरलं नव्हतं. सादिलमधून (शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशातून) वीस मीटर केबल घेतली आणि गुरुजींनी स्वतः वाशांच्या कडेनं खिळे मारून ती टीव्हीपर्यंत नेली. हवेतली एक फेरी कमी झाली. राउटर उचलून वर्गात आणावा असंही मनात आलं होतं, पण फायबरची तार हलवायला पुन्हा नेटवाल्याची वाट पाहावी लागली असती.

शेजारच्या ग्रामपंचायतीचा राउटर २.४ गिगाहर्ट्झमध्ये सहा नंबरच्या चॅनलवर होता आणि आपलाही. आपला अकरावर नेला. एक, सहा आणि अकरा एवढेच तीन एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, मधला कुठला घेऊन फायदा नाही. लॅपटॉपसाठी नियम केला की टीव्हीशी थेट जोडताना राउटरपासून तोडायचा आणि व्हिडिओ आधी उतरवून ठेवायचा.

परिषदेच्या आदल्या दिवशी मी एचडीएमआय केबलही नेऊन दिली. मॅडम हसल्या, "एवढं करून विश्वास नाही का?" नव्हता.

काय झालं

परिषदेचा पहिला तास उत्तम गेला. मॅडमनी मुलांच्या वह्यांची पानं टिपत टिपत वजाबाकीतल्या चुका दाखवल्या, केंद्रप्रमुखांनी दोनदा 'परत दाखवा' म्हटलं. मध्येच पतसंस्थेचा 'आपला हप्ता थकीत आहे' हा मेसेज ४३ इंचांवर झळकला आणि सगळी खोली खो-खो हसली. डू नॉट डिस्टर्ब लावायला सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं.

चहानंतर चित्र थबकायला लागलं, दोनदा जोडणी तुटली. तोवर तीस शिक्षकांचे फोन गेस्टवर आले होते. नेटवर्क वेगळं असलं तरी रेडिओ तोच आणि चॅनलही तोच, हवा सगळ्यांची एकच. तिसऱ्यांदा तुटल्यावर मी वाट पाहिली नाही, लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावली आणि पुढचं सत्र तारेवर झालं. एका पाहुण्या शिक्षकाला आयफोनचा पडदा दाखवायचा होता. त्याला एअरप्ले (अ‍ॅपलचा स्वतःचा वेगळा मार्ग) लागतं, ते या टीव्हीत नाही. त्यांनी फाइल लॅपटॉपवर पाठवली. दुसऱ्या एकानं पैसे भरून चित्रपट बघायच्या अ‍ॅपमधला प्रसंग लावला तर टीव्ही काळा, आवाज तेवढा येतोय. तो बिघाड नव्हे, अ‍ॅपच तसं अडवतं. बँकेची अ‍ॅपही असाच काळा पडदा दाखवतात.

रोजच्या वर्गाला, दोन-तीन फोन असताना, तेव्हापासून कास्ट नीट चालतंय.

आज करायचं झालं तर

पहिल्याच फोनवर मी दोन प्रश्न विचारले असते. कुणाच्या कुठल्या फोनला काय होतंय, एकेकाचं वेगळं सांगा. आणि शेवटचं नीट चाललं त्यानंतर शाळेत काय बदललं? दुसऱ्या प्रश्नाला 'राउटर जळाला, नवा आला' हे उत्तर अर्ध्या मिनिटात आलं असतं. मी ते विचारलंच नाही, कारण 'टीव्ही बिघडला' हे वाक्य मीही मेकॅनिकसारखंच गिळलं होतं.

हॉटस्पॉटची चाचणी पहिल्या दिवशी करायला हवी होती, बंद-चालू करण्याच्याही आधी. ती काही बिघडवत नाही, पुसत नाही आणि टीव्ही-फोन एकीकडे, राउटर दुसरीकडे अशी थेट वाटणी करून देते.

परिषदेच्या दिवशी गेस्ट वाय-फाय दोन तास बंद ठेवायला हवं होतं का, यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही. माझ्या मते हो. त्या म्हणतात, पाहुण्यांना नेट नाही म्हणून सांगणं बरं दिसत नाही, त्यापेक्षा अशा दिवशी सरळ तारच लावायची.

एक किरकोळ गोष्ट अजून सुटलेली नाही. टीव्ही बराच वेळ स्टँडबायवर राहिला की गुरुजींच्या फोनला तो अधूनमधून सापडत नाही, मॅडमच्या फोनला मात्र सापडतो. गुरुजी प्लग काढून परत लावतात आणि तास सुरू करतात.